एकांची रांग

अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखात शके ९८२ हा काळ कोरलेला आहे. म्हणजे इसवी सन १०६०. मंदिर पाहावयास येणारे बहुतेक लोक तो आकडा ऐकून मंदिर किती जुने याचा हिशेब करतात. परंतु क्वचित एखादा असाही निघतो, की जो ९८२ चे अवयव पाडू लागतो. संख्या सम आहे, तेव्हा दोनने भाग जाणारच, भागाकार ४९१. या ४९१ ला मात्र १ आणि ती स्वतः यांवाचून दुसरा विभाजक नाही. ती मूळ संख्या आहे. एवढे कळले की त्या माणसाचा चेहरा उजळतो. त्याने मंदिर पाहिलेच नाही, असे कोणी म्हणू नये. त्याने ते आपल्या रीतीने पाहिले.

ठाण्यात शाळा शिकलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे याच जातीचे गृहस्थ होते. अंबरनाथहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीचे पाचवे स्थानक डोंबिवली. तेथे कापरेकरांना संख्यांचे एक कुळ सुचले आणि त्या स्थानकावरूनच त्यांनी त्यास ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. लोक गाडीची वाट पाहत कंटाळतात. कापरेकरांना तेथे संख्या भेटल्या! त्या कुळातील सर्वांत देखण्या संख्या एकांच्या रांगेतून जन्मतात. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१. जिना चढावा आणि उतरावा, तसे हे अंक चढतात व उतरतात.

कापरेकर १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत शिक्षक होते. त्यांच्यापाशी यंत्र नव्हते. कागद, पेन्सिल आणि न संपणारी हौस एवढेच भांडवल. आपल्या पुस्तिका ते पदरमोड करून छापीत. हा पोरखेळ आहे, असे म्हणणारे विद्वानही होतेच. पुढे १९७५ साली मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले.

आता त्या एकांच्या रांगेकडे पुन्हा वळावे. अशी रांग मूळ संख्या केव्हा असते? ११ ही मूळ आहे. १११ म्हणजे ३ गुणिले ३७. ११११ ला ११ ने भाग जातो. ११,१११ म्हणजे ४१ गुणिले २७१. सहा एकांची रांग तर नुसत्या नजरेनेच फुटते, कारण ती १११ गुणिले १००१ आहे. जेथे एकांची गणती समान गटांत वाटता येते, तेथे रांगही तशीच वाटली जाते. म्हणून गणती स्वतः मूळ असेल तरच आशा. तीही पुष्कळदा फोल ठरते. सात एकांची रांग २३९ गुणिले ४६४९ निघाली. ११ नंतरची पहिली मूळ रांग एकदम १९ एकांची आहे. मग २३ एकांची, मग ३१७ एकांची. त्यापुढची १०३१ एकांची. ती मूळ असल्याची सिद्धता १९८६ साली प्रसिद्ध झाली आणि त्याच साली कापरेकर निवर्तले.

ती सिद्धता देणाऱ्या दोघांपैकी एक होते हार्वे डुबनर. पेशाने अभियंता; मूळ संख्यांचा नाद मात्र असा, की त्यासाठी त्यांनी आपल्या मुलासह खास संगणकयंत्रणा बनविली. १९९९ साली त्यांना ४९,०८१ एकांची रांग हाती लागली. सर्व लक्षणे मूळ संख्येची. परंतु लक्षणे म्हणजे सिद्धता नव्हे. ज्या परीक्षेत बहुतेक संयुक्त संख्या नापास होतात, तीत एखादी लबाड संख्या उत्तीर्णही होऊ शकते. पक्की सिद्धता मिळण्यास २०२२ साल उजाडले. डुबनर २०१९ मध्येच वारले होते.

संगणकाची स्वतःची लिपी ० आणि १ या दोनच अंकांची असते. त्या लिपीत ३ ही संख्या ११ अशी लिहितात, ७ ही १११ अशी आणि ३१ ही ११,१११ अशी. दोनचा कोणताही घात घेऊन त्यातून एक वजा केला, की त्या लिपीत एकांचीच रांग उभी राहते. अशा मूळ संख्यांना मर्सेन मूळ संख्या म्हणतात. त्यांच्या शोधासाठी १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी एक योजना सुरू केली. आपल्या घरचा संगणक रिकामा असेल तेव्हा त्याने एकेक संख्या तपासावी, असा हा बेत. कोणीही त्यात सामील व्हावे. यंत्र दिवसच्या दिवस गणित करते आणि अखेर उत्तर येते, ‘मूळ नाही’. पुढची संख्या घ्यावी, पुन्हा तेच उत्तर! जोनाथन पेस यांनी हे चौदा वर्षे केले. २०१७ च्या डिसेंबरात, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचे उत्तर वेगळे आले.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट यांना सापडलेली संख्या या सर्वांहून मोठी. दोनचा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून एक वजा करावा, म्हणजे ती मिळते. नेहमीच्या रीतीने लिहिल्यास तिचे अंक ४,१०,२४,३२० होतात. दर सेकंदास एक अंक या वेगाने, न जेवता न झोपता, ती वाचली तर पंधरा महिन्यांहून अधिक काळ लागेल. तिचा उपयोग काय, असे कोणी विचारील. आज तरी व्यवहारात काही नाही. मात्र या शोधाच्या आज्ञावलीमुळे २०१६ साली एका नव्या जातीच्या संगणक-चिपमधील दोष उघडकीस आला, हे खरे. तोही कोणी मुद्दाम शोधावयास गेले नव्हते.

इकडे साध्या एकांच्या रांगांचा नादही सुटलेला नाही. २०२१ साली दोघा हौशी शोधकांनी ८१,७७,२०७ एकांची रांग पुढे आणली. लक्षणे सारी मूळ संख्येची आहेत. सिद्धता अद्याप कोणाजवळ नाही.