डबलसीट

बरेच दिवस हे लिहायचं लिहायचं म्हणत होतो, पण मुहूर्त लागत नव्हता. फोटो कधीच दाखवून झालेत, "मजा आहे बुवा एका माणसाची" हेही सगळ्यांचं म्हणून झालंय. मजा आलीच, नाही कशाला म्हणू? पण फोटोत न आलेली एक गोष्ट शिल्लक आहे, आणि ती सांगायची तर जरा मागून सुरुवात करावी लागेल.

जुलै १९९७. इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. मी आणि मास्तर त्याच्या आरएक्स १०० वरून शिवथरघळीला निघालो होतो. (वडील शाळेत मास्तर, म्हणून हॉस्टेलवर ह्याचं नाव मास्तर. ह्याने आयुष्यात कोणाला काही शिकवलेलं नाही.) वरंधा घाटात, पावसात, एका वळणावर गाडी घसरली. माझं कोपर खरचटलं. मास्तरचा डावा गुडघा गेला. दोन ऑपरेशनं, तीन महिने अंथरूण, आणि ऑगस्टमध्ये हजर व्हायची पहिली नोकरी हातची गेली. मास्तरने गाडी पाडली, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. थांबा, त्याच्याकडे येतोच.

२००१ साली मास्तर जर्मनीला गेला आणि म्युनिकचाच होऊन बसला. वर्षातून दोन-तीन फोन, पुण्यात आला की एक जेवण, एवढ्यावर आमची मैत्री चालू होती. २०२३ च्या सुरुवातीला त्याचा फोन आला.

"पन्नाशीच्या आत एकदा आल्प्स करून टाकू. पाच देश, पाच दिवस. सप्टेंबरमध्ये ये."

"गाडीने?"

"मोटरसायकलने रे. आणि दोन गाड्या घ्यायच्या. डबलसीट नाही."

शेवटचं वाक्य त्याने अगदी सहज म्हटलं. मी मात्र पुढचे सहा महिने ते चघळत होतो.

९७ नंतर मी स्कूटरशिवाय काही चालवलेलं नव्हतं. ऑफिस, मंडई, घर. मग भाच्याची बुलेट मागून घेतली आणि तीन महिने दर रविवारी पानशेत रस्त्यावर सराव केला. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. बायको म्हणाली, "ह्या वयात लोक गुडघे सांभाळतात." तिला काय माहीत, सगळा मामला गुडघ्याचाच होता!

म्युनिकला भाड्याची गाडी घेतली ती बीएमडब्ल्यू, एफ ७५० जीएस. नाव ७५०, पण इंजिन ८५३ सीसीचं. नावापेक्षा इंजिन मोठं, हा विनय जर्मनांनाच जमावा. वजन सव्वादोनशे किलो, म्हणजे दोन आरएक्स १०० एकावर एक रचल्या तरी हीच जड. पहिल्याच चौकात मी सवयीने डावीकडच्या लेनमध्ये शिरलो आणि समोरून येणाऱ्या आजीबाईंनी मला जे काही ऐकवलं ते सुदैवाने जर्मनमध्ये होतं.

तिकडची एक पद्धत मला फार आवडली. समोरून मोटरसायकल आली की चालवणारा डावा हात खाली सोडून सलाम करतो. ओळख ना देख. पहिल्या दिवशी क्लचवरचा हात सोडायची माझी हिंमत होईना, म्हणून मी प्रत्येकाला आपला मान हलवून नमस्कार करत होतो.

गार्मिशवरून फर्नपास, लांडेक करत पहिल्या रात्री ऑस्ट्रियात नाउडर्सला मुक्काम केला. सरहद्द म्हणजे निळ्या पाटीवर चांदण्यांचं वर्तुळ आणि मध्ये देशाचं नाव, बस्स. पुण्यातून पिंपरीत शिरतानाही एकेकाळी जकात नाका लागायचा, त्या आठवणीने मी उगाचच गाडी हळू केली.

निघताना मास्तरने एकच नियम सांगितला होता. वळणावर एकमेकांना गाठायला जायचं नाही, जो तो आपल्या वेगाने. पुढच्याने मात्र प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा दिसेपर्यंत. ऐकायला साधा, पण एरवी आपण कोणासाठी असं थांबतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी रेशन पास ओलांडून इटलीत उतरलो. तिथे एक तळं आहे आणि तळ्यात नुसता चर्चचा मनोरा उभा आहे. चौदाव्या शतकातला. १९५० मध्ये धरणासाठी ग्राउन नावाचं गाव पाण्याखाली गेलं, मनोरा तेवढा राहिला. लोक पटापट फोटो काढून पुढे जात होते. मास्तर हेल्मेट हातात धरून बराच वेळ बघत उभा होता. त्याच्या आईचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, ते बघायला काकू त्याला लहानपणी न्यायच्या, हे त्याने मला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

आणि मग स्टेल्व्हिओ. २७५७ मीटर. प्राडच्या बाजूने चढताना ४८ हेअरपिन वळणं लागतात आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेला असतो, खाली ४८ आणि वर १. १८२० ते १८२५ या पाच वर्षांत कार्लो दोनेगानी नावाच्या इंजिनिअरने ऑस्ट्रियन साम्राज्यासाठी हा रस्ता बांधला. आपला बोरघाटातला गाडीरस्ता १८३० चा, म्हणजे दोघे एका पिढीतले. फरक एवढाच, की बोरघाटात आपण ट्रकच्या मागे असतो आणि इथे घामाघूम सायकलवाल्यांच्या.

उजवीकडून चालायचं असल्यामुळे चढावर उजवीकडची वळणं सगळ्यात वाईट. अगदी आतून, जवळजवळ जागच्या जागी वळायचं. विशीतल्या कुठल्याशा आकड्याला वरून एक मोठी गाडी आली, मी दचकून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. पाय टेकवायला गेलो तर उताराच्या बाजूला जमीनच खाली! सव्वादोनशे किलो अगदी सावकाश, म्हशीने बसावं तशी आडवी झाली.

मला काही लागलं नाही. पण हात थरथरत होते. मास्तर दोन वळणं वर थांबलेला दिसत होता. तो गाडी वळवून खाली आला. गाडीकडे पाठ करायची, हँडल धरायचं आणि पायांच्या जोरावर उचलायची, असं दाखवत दोघांनी मिळून ती उभी केली. मग एवढंच म्हणाला, "तू दरीकडे बघतोस. बघशील तिकडे गाडी जाते. वळणाच्या पलीकडे बघ." आणि निघून गेला, पुढच्या वळणावर थांबायला.

मी मात्र वरंध्यातच होतो.

तर, आता सांगतो. वरंध्यात गाडी मी चालवत होतो.

माझ्याकडे तेव्हा फक्त लर्निंग लायसन्स होतं आणि दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही अशी बाबांची सक्त ताकीद होती. मास्तरकडे हट्ट करून मी गाडी घेतली होती. हॉस्पिटलमध्ये बाबा आले, त्यांनी धरून चाललं की गाडी ज्याची तोच चालवत असणार, आणि मी ते तसंच राहू दिलं. खोटं बोललो असंही नाही. नुसता गप्प बसलो. बाबा मास्तरच्या कॉटपाशी उभे राहून म्हणाले, "अशी हाकतात होय गाडी? माझा मुलगा मागे बसला होता." मास्तरने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "चुकलं काका."

तो बावीस वर्षांचा होता. पायाला वजनं टांगलेली होती.

स्टेल्व्हिओच्या माथ्यावर चक्क जत्रा असते. सॉसेजच्या गाड्या, टी-शर्ट, चुंबकं. सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. आमचाही एक आहे, तुम्ही पाहिलाय. त्यात मी हसतोय. तिथून उंब्राइल पासने स्वित्झर्लंडमध्ये उतरून सांता मारियाला राहिलो. तिथले लोक रोमान्श बोलतात आणि "अलेग्रा" म्हणून स्वागत करतात. त्या रात्री सांगून टाकू असं ठरवलं होतं. सूप झालं, बिअर झाली, मास्तर गुडघ्याला बर्फ लावून झोपूनही गेला.

तिसरा दिवस रविवारचा. ओफेनपासच्या रस्त्याने, १९१४ साली झालेल्या स्विस नॅशनल पार्कमधून त्सेर्नेझ, आणि मग फ्लुएला पास, २३८३ मीटर. माथा ओलांडल्यावर मास्तरच्या मागच्या टायरला मोठा चिरा गेला. प्लग लावण्यापलीकडचं काम. टोइंगवाला येऊन गाडी दावोसला घेऊन गेला आणि गॅरेजवाल्याने सांगितलं, टायर मागवावा लागेल, बुधवारपर्यंत थांबा.

सोमवारी सकाळी आम्ही दावोसच्या रस्त्यावर उभे. स्टेशन हाकेच्या अंतरावर.

"तू ट्रेनने जातोस?" मी विचारलं.

"पाच देश म्हणालो होतो. लिश्टेनस्टाइन राहिलंय अजून."

"मग?"

"मग काय मग? बसतो मागे."

रात्री पाऊस झाला होता, रस्ता ओला होता. मागे माणूस बसला की गाडी किती बदलते हे मी विसरलो होतो. दावोस ते क्लोस्टर्स मी इतका हळू चालवत होतो की पिवळ्या पोस्टबसनेही आम्हाला गाठलं. प्रत्येक वळणाला खांदे दगड झालेले. एका उतारावर त्याने माझा खांदा थोपटला. मला वाटलं, घाबरला. गाडी बाजूला घेतली, काच वर केली. तर म्हणतो, "गुडघा आखडलाय, पाच मिनिटं चालतो. आणि लेका, दुसरा गिअर सोड आता. कंटाळा आला."

लांडक्वार्ट, माइएनफेल्ड आणि लुत्सिश्टाइगचा छोटा घाट चढून आम्ही लिश्टेनस्टाइनमध्ये शिरलो. फाडुट्सला उतरून कॉफी घेतली. डोंगरावर राजाचा किल्ला, खाली एक रस्ता, आणि तेवढ्यात राजधानी संपते. तिथे मी बोललो. बाबांचं, लायसन्सचं, हॉस्पिटलचं. सव्वीस वर्षं साठवलेलं दोन मिनिटांत संपलं, कपातली कॉफीही थंड झाली नव्हती.

मास्तर साखरेची पुडी चुरगाळत बसला होता. मग म्हणाला, "काकांचं बोलणं लागलं होतं रे. नाही असं नाही. तू कधीतरी सांगशील घरी, असं दोन-चार वर्षं वाटायचं. मग वाटणं बंद झालं." थोड्या वेळाने म्हणाला, "पण त्या दिवशी मागून 'पळव, अजून पळव' म्हणून मीच ओरडत होतो. ते नाही का आठवत तुला?"

मला नाही आठवत. खरंच नाही. पाऊस, वारा आणि आरएक्सचा तो आवाज, त्यात मागचं काही ऐकू आलं असेल असंही वाटत नाही. तो खरं सांगत होता, की मला हलकं वाटावं म्हणून बोलला, हे मी विचारलं नाही. पहिल्या वाक्यांबद्दल मात्र शंका नाही.

"आणि ते डबलसीट नको का म्हणालास?" हे विचारलं.

"मला चालवायची होती म्हणून! आल्प्समध्ये येऊन तुझ्या पाठीचं हेल्मेट बघत बसू?"

सहा महिने चघळलेलं वाक्य ते हे.

फेल्डकिर्श, ब्रेगेन्झ करत संध्याकाळी लिंडाउला तळ्याकाठी पोहोचलो आणि पाचव्या दिवशी म्युनिक. गाडीवर पडल्याचा एक ओरखडा होता, तो डिपॉझिटमधून रीतसर कापून घेतला गेला.

असो. बाबा २०११ साली गेले. त्यांना सांगायचं राहिलं ते राहिलंच. आईला हे ताई वाचून दाखवेल, म्हणून इथे लिहितोय. समोर बसून सांगायचं धाडस परत आल्यापासून झालेलं नाही, हेही खरं. आई, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो. मास्तर घरी आला की तू अजूनही त्याला "आता तरी हळू चालवतोस ना रे?" असं विचारतेस आणि तो "हो काकू" म्हणतो. एवढं आता विचारू नकोस.

डिसेंबरमध्ये तो येतोय. वरंध्यातून शिवथरघळीला जाऊ म्हणतोय, रस्ता उघडा असला तर. डबलसीट. चालवणार कोण, ते अजून ठरलेलं नाही.