त्सुकुबाचं देणं

ताकाशी तानिगुची आणि केंजी वातानाबे या दोघांना मी कधी भेटलेलो नाही. तरीही माझ्या पीएचडीत जे काही धड झालं, ते त्यांच्या स्फटिकांमुळे झालं, हे मी आजही ज्याला त्याला सांगतो.

माझा विषय मॉलिब्डेनम डायसल्फाइड. कारखान्यांत वंगण म्हणून वापरतात तोच काळा, चकचकीत पदार्थ. जाड तुकड्यावर लेझर टाकला तर तो जवळजवळ काहीच उजळत नाही. पण चिकटपट्टीने सोलत सोलत एकाच थरावर आणला, म्हणजे जेमतेम 0.65 नॅनोमीटरवर, की त्याच्या ऊर्जापट्ट्यांची मांडणीच बदलते आणि हिरव्या लेझरखाली तो लाल उजळतो. कोलंबिया आणि बर्कलीच्या संशोधकांनी हे 2010 साली दाखवलं.

अडचण अशी की या थराला आतली बाजू नसतेच, सगळा पृष्ठभागच. हवेतली वाफ त्याला चिकटते, खालच्या सिलिकातले अडकलेले विद्युतभार त्याला छळतात. इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा यांची जोडी, म्हणजे एक्सायटॉन, दर ठिकाणी थोड्या वेगळ्या ऊर्जेचा प्रकाश देते आणि वर्णपटातली रेषा फुगते. 4 केल्विनला थंड केलं तरी ती 50 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत रुंद असायची. मुंबईच्या पावसाळ्यात तर नमुना उघडा ठेवायची भीतीच वाटायची.

यावर उपाय म्हणजे हा थर एका स्वच्छ स्फटिकाच्या दोन पापुद्र्यांत झाकणं. तानिगुची आणि वातानाबे जपानमधल्या त्सुकुबाच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत तो स्फटिक, षट्कोनी बोरॉन नायट्राइड, वाढवतात. हिरे बनवण्यासाठी उभारलेल्या अजस्र दाबयंत्रात, वातावरणाच्या सुमारे 40,000 पट दाबाखाली, 1500 अंशांच्या पुढे तापवून. त्यांचं स्वतःचं कुतूहल होतं या स्फटिकातून निघणाऱ्या अतिनील प्रकाशाचं. 2004 सालचा त्यांचा निबंध त्यावरच आहे. पुढे ग्राफीनवाल्यांना, म्हणजे कार्बनच्या एका थरावर काम करणाऱ्यांना, कळलं की या स्फटिकाइतकी सपाट आणि स्वच्छ बैठक दुसरी नाही, आणि जगभरातून मागण्या सुरू झाल्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत. निबंधात सहलेखक म्हणून नाव, एवढंच. विज्ञानात इतका मोठा उदारपणा मला दुसरा माहीत नाही.

आमच्याकडे आलेले तुकडे मिलिमीटरभराचे, पारदर्शक. ते वापरायला शिकवलं आमच्या ताईने. प्रयोगशाळेत वयाने मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. काचपट्टीवरच्या मऊ पॉलिमरने बोरॉन नायट्राइडचा पातळ पापुद्रा उचलायचा, त्याने आमचा थर, मग दोन्ही मिळून खालच्या दुसऱ्या पापुद्र्यावर टेकवायचे. सूक्ष्मदर्शकात टेकलेल्या भागाची कड रंग बदलत पुढे सरकताना दिसते. "घाई करू नकोस रे, कडेकडे बघ," ती म्हणायची. बुडबुडे दिसले की मी खट्टू व्हायचो. ती समजवायची की मधली घाण गोळा होऊनच ते बनतात, त्यामुळे त्यांच्यामधली जागा स्वच्छ असते. लेझर तिथे लाव.

तुलूजच्या गटाने 2017 साली असं झाकून रेषा 2 मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत खाली आणली होती. आम्ही तिथवर पोचलो नाही. पण पूर्वीच्या एका फुगीर उंचवट्याच्या जागी पडद्यावर दोन शिखरं सुटी उभी राहिली, एक उदासीन एक्सायटॉनचं, दुसरं विद्युतभारित एक्सायटॉनचं, तेव्हा ताईने खुर्ची ओढून घेतली आणि आम्ही बराच वेळ नुसते बघत बसलो.

नव्या मुलांना मी आधी निबंधाच्या लेखकांच्या यादीतली ती दोन जपानी नावं वाचायला लावतो, मग तुकड्यांची डबी हातात देतो.