एकच टाका उघडा

बारीक दोऱ्याचं क्रोशाकाम माणसाचा धीर पाहतं. लोकर जाड, तिची सुई जाड, दोन संध्याकाळी बसलं की टोपी होते. सुती दोऱ्याचा हिशेब वेगळा. त्याचा नंबर वाढतो तसा तो बारीक होत जातो: 10 पेक्षा 20 बारीक, 20 पेक्षा 40. माझा दोरा 20 नंबरचा आणि सुई 1.25 मिलिमीटरची, पोलादी. बाळाच्या दुपट्याच्या रुंदीची एक ओळ घालायला सुरुवातीला मला तास लागायचा, आणि त्या तासाची उंची भरायची जेमतेम दोन-तीन मिलिमीटर.

भाचीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हाच दुपटं दोऱ्याचं करायचं हे मी ठरवून टाकलं. ती मुंबईत राहते आणि बाळ एप्रिलात येणार होतं. त्या चिकट उकाड्यात लोकर तान्ह्याला टोचणार. सुती दोरा घाम शोषतो, उकळत्या पाण्यात धुता येतो आणि धुण्यागणिक मऊ होतो. विणायचं कुणाकडून शिकायचं हा प्रश्नच नव्हता. मी सरळ सावंतवाडीला आत्याकडे गेले.

आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. लग्नाआधी ती गोव्यात एका मिशनच्या शिवणवर्गात हे काम शिकली. माझं लहानपण तिच्या हातच्या वस्तूंमध्ये गेलं. दाराला तोरण, रेडिओवर रुमाल, पाण्याच्या तांब्यावर कडेनं मणी ओवलेली जाळी, परकराला लेस, उशीच्या अभ्र्याला लेस. रुमाल विणून झाला की ती साबुदाण्याची पातळ खळ करायची, त्यात तो बुडवून पाटावर ताणायची आणि कडेच्या प्रत्येक टोकाला टाचणी लावायची. वाळल्यावर त्यातलं अननसाचं नक्षीकाम असं उठून यायचं की हात लावायला भीती वाटे. घराण्यात बारसं असलं की टोपडं तिच्याकडूनच यायचं. येणारीजाणारी माणसं कौतुक करायची आणि पुढे म्हणायची, ‘रिकामपणी बरा उद्योग आहे हा.’ आत्याला मी कधी रिकामी पाहिलेली नाही. घरात दहा माणसं, गोठ्यात म्हैस, परसात भाजी आणि दुपारनंतर शाळेतल्या मुलींची शिकवणी.

मग ती विणायची कधी? याचं उत्तर मला सुई हातात धरल्यावर मिळालं. दोन सुयांच्या लोकरीच्या विणकामात अख्खी ओळ सुईवर जिवंत असते. सुई निसटली तर सगळे टाके धोक्यात. क्रोशाचं तसं नाही. कितीही मोठं काम असो, त्यात कुठल्याही क्षणी एकच टाका उघडा असतो. बाकीचे सगळे मागे मिटलेले असतात. दूध उतू जायला लागलं, दाराशी कुणी आलं, मूल रडलं, की त्या एका टाक्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि उठायचं. दोन तासांनी येऊन बसलं तरी काम जिथे होतं तिथेच असतं. दिवसाचे असे तुकडे ज्यांच्या वाट्याला येतात, त्यांच्यासाठीच जणू हे काम जन्माला आलं आहे.

त्याचा इतिहास वाचू लागले तेव्हा हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. 1845 पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला, दुष्काळ आला, माणसं उपाशी मेली, देश सोडून गेली. तेव्हा तिथल्या मठांतल्या जोगिणींनी आणि काही धर्मगुरूंच्या बायकांनी गावोगावच्या बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. सुईच्या जुन्या व्हेनिसी लेसपेक्षा ती लवकर होई आणि साहित्य म्हणजे एक आकडा आणि दोरा. क्लोन्स गावाच्या लेसला तर त्या गावाचंच नाव पडलं. आपल्याकडे आंध्रातल्या नरसापूरला 19व्या शतकात मिशनऱ्यांनी लेस नेली. तिथल्या बायका आजही ती विणतात, आणि 2024 मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते मारिया मीस या जर्मन अभ्यासिकेचं 1982 मधलं पुस्तक. तिनं दाखवून दिलं की दिवसाचे कित्येक तास लेस विणणाऱ्या, जिचा माल परदेशी जातो अशा बाईलाही ‘घरी बसलेली गृहिणी’च समजलं जात होतं. ती फावल्या वेळात विणते, असा समज; म्हणून मजुरी नाममात्र. ते वाचताना मला सावंतवाडीची ओटी दिसत होती. आत्याच्या बाबतीत तर मजुरीचाही प्रश्न नव्हता. तिनं सगळं देऊनच टाकलं.

शिकताना आत्यानं प्रथम फक्त साखळी घालायला लावली. नुसती साखळी, हातभर लांब, मग उसवायची आणि पुन्हा. ‘धागो वढू नको गो, तो आपसूक येतलो,’ एवढं एकच वाक्य ती म्हणायची. दोरा डाव्या तर्जनीवरून सैल वाहू द्यायचा, करंगळीला एक वेढा द्यायचा. ताण करंगळीनं राखायचा, मनगटानं नाही. साखळीनंतर मुका खांब, मग खांब. मोतीबिंदूमुळे तिला आता बारीक दोरा दिसत नाही. ती माझी पट्टी हातात घ्यायची आणि अंगठ्याच्या नखानं चाचपत एकेक खांब मोजायची.

वीण कुठली घ्यायची यावर आमचा बराच खल झाला. मला शिंपल्याची जाळी हवी होती. आत्यानं साफ नाही म्हटलं, आणि तिचंच बरोबर. जाळीच्या भोकात तान्ह्याची बोटं अडकतात, पायाच्या बोटाला दोरा आवळला तर बाळाला सांगताही येत नाही. शेवटी ठरली ती घट्ट, दाणेदार वीण: एक मुका, एक खांब, पुन्हा एक मुका, परतीच्या ओळीत मुक्यावर खांब आणि खांबावर मुका. नुसते मुके घातले तर कापड ताठर होतं, नुसते खांब घातले तर फटी राहतात. या विणीत दोन्हींचा मेळ बसतो. दोऱ्याच्या उरलेल्या शेपट्या गाठ मारून कापायच्या नाहीत, बोथट सुईनं उलटसुलट दोनतीनदा आत ओवायच्या. शिवाय वर्षाच्या आतल्या बाळावर झोपताना सैल पांघरूण असू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. म्हणून दुपटं मांडीवरचं, दूध पाजतानाचं, उन्हात बसतानाचं, हे मी भाचीला आधीच बजावलं.

दोऱ्याची चमक मला फार आवडते. जॉन मर्सर या लँकेशायरच्या रंगाऱ्यानं 1844 मध्ये पाहिलं की कॉस्टिक सोड्यात सुती कापड फुगतं, आटतं, बळकट होतं आणि रंग जास्त धरतं. त्यात चकाकी आली ती पुढे 1890 च्या सुमारास, होरेस लो यांनी सूत ताणून धरून सोड्यात घालून पाहिलं तेव्हा. मर्सराइज्ड दोरा तो हाच.

दुपटं वेळेत झालं. भाचीनं ते गालाला लावलं आणि विचारलं, ‘मावशी, हे विकत घ्यायचं तर केवढ्याला पडेल गं?’ मी कागद घेतला. ओळी तीनशेच्या वर. हात बसल्यावर ओळीला अर्धा तास धरला, तरी दीडशे तास. तिनं दुपटं अलगद घडी करून मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, ‘मग आत्याआजीचं सगळं मिळून किती झालं असेल?’

तो हिशेब आम्ही आता खरोखरच मांडायला घेतला आहे. फोनवर आत्या सांगते, मी लिहून घेते: कुणाला दिलं, कुठल्या कार्याला, कितीच्या दोऱ्यात, कुठली वीण. नावं तिला बिनचूक आठवतात, साल लग्नांवरून आणि पावसांवरून लागतं. ज्यांच्याकडे वस्तू शिल्लक आहेत, त्यांना भाची फोटो मागते. सध्या आम्ही 1971 मधल्या एका तोरणापाशी आहोत. ते 40 नंबरच्या दोऱ्यात विणलेलं, कडेला राघूंची रांग असलेलं होतं आणि कुडाळच्या एका लग्नात दिलं होतं. नवरीमुलगी पुढे बेळगावला गेली, एवढं आत्याला ठाऊक आहे. तिथल्या एका नातेवाइकाचा नंबर काल मिळाला.