स्मरणार्थ

माझ्या बसण्याच्या खोलींत, पुस्तकांच्या कपाटावर, हातभर लांबीची एक संगमरवरी पाटी भिंतीस टेकून उभी आहे. तिच्यावर माझ्या दिवंगत पत्नीचें नांव व त्याखालीं 'यांच्या स्मरणार्थ' हीं अक्षरें कोरलेलीं आहेत. घरीं येणारे स्नेही तिच्याकडे पाहतात आणि कांहींशा संकोचानें विचारतात, "ही येथें कशी? ही तर कोठें तरी लावावयाची असेल!" मी हंसून विषय बदलतों. उत्तर माझ्याजवळ नाहीं असें नाहीं. पण तें थोडें लांब आहे, आणि त्यांत माझी थोरवी फारशी नाहीं, म्हणून सांगावयास मी कचरतों, इतकेंच. आज मात्र तें सांगूनच टाकावें म्हणतों.

मी भिवंडीचा. आमच्या गांवीं मूल जन्मास येतें तें मागांचा खडखडाट ऐकतच. वडील मागावर होते. आई घरीं बसून कांड्या भरीत असे. मी रांगूं लागलों तेव्हां ती माझ्या पायास जुन्या लुगड्याचा कांठ बांधी आणि त्याचें दुसरें टोंक खाटेच्या पायास अडकवी. मला हें अर्थातच आठवत नाहीं. तिनेंच पुढें सांगितलें, आणि सांगतांना दर वेळीं तिचा आवाज बदले. मी शिकलों, एका कारखान्यांत हिशेब लिहूं लागलों, आणि चाळीस वर्षें लोकांच्या सुताचा, कापडाचा आणि उचलीचा जमाखर्च मांडून निवृत्त झालों. आम्हांस मूलबाळ नव्हतें. पत्नीला मुलांचें विलक्षण वेड. आळींतलीं निम्मीं पोरें आमच्याच ओटीवर वाढलीं. ती गेल्यावर तिच्या नांवानें लहान मुलांसाठीं कांहीं तरी करावें, असें मनांत येणें स्वाभाविक होतें.

वज्रेश्वरीच्या वाटेवर, हमरस्त्यापासून बरेंच आंत, कातकऱ्यांचा एक पाडा आहे. खैराच्या झाडापासून काथ काढणें हा या लोकांचा मूळचा धंदा; त्यावरूनच त्यांचें नांव पडलें. जंगलावर सरकारी कायद्याचा अंमल आला आणि तो धंदा गेला. आज महाराष्ट्रांतील ज्या तीन जमाती आदिम म्हणून गणल्या जातात, त्यांत कोलाम व माडिया गोंड यांच्या जोडीला कातकरी आहेत. या पाड्यावर एक संस्था बालवाडी चालवीत होती. तिच्या चालकांना मी भेटलों. त्यांनीं मोठ्या अगत्यानें एक यादी माझ्या हातीं दिली : लहान खुर्च्या, डुलणारे घोडे, रंगीत ठोकळे, मणी ओवलेल्या पाट्या, एक घसरगुंडी. मी सारें घेऊन दिलें. समारंभ झाला, नारळ फुटला, हार पडले, छायाचित्र निघालें. भिंतीला पाटी बसविण्यासाठीं भोंकेंही पाडून ठेवलीं होतीं. फक्त पाटी वेळेवर कोरून झाली नाहीं म्हणून तें काम राहिलें. मी घरीं परतलों तो अगदीं तृप्त होऊन.

ही तृप्ति सहा महिने टिकली. पौषांत पाटी हातीं आली, तेव्हां ती पिशवींत घालून, कोणासही न कळवितां, मी एकटाच पाड्यावर गेलों. बालवाडी भरलेली होती. मुलें जमिनीवर बसून गाणें म्हणत होतीं. घोडे, खुर्च्या, ठोकळे यांपैकीं कांहींच दिसेना. शिकविणाऱ्या बाई ओशाळल्या. म्हणाल्या, "काका, सगळं कपाटांत आणि मागच्या खोलींत आहे. किल्ली संस्थेच्या साहेबांकडे असते. वर्षअखेर मोजून दाखवायचं असतं ना. एखादं मोडलं तर माझ्या पगारांतून जाईल." पगार किती, म्हणून मीं विचारलें. त्यांनीं सांगितलेला आंकडा ऐकून मी गप्प झालों. त्या एका घसरगुंडीच्या किमतींत त्यांचे सात महिने निघाले असते.

मग माझें लक्ष हजेरीच्या वहीकडे गेलें. हिशेबनिसाची खोड, वही दिसली कीं बेरीज करावयाची. पटावर नांवें सव्वीस, आणि समोर मुलें पंधरा. उरलेलीं अकरा कोठें, असें विचारतांच बाईंनीं दाराबाहेर हात केला. "भट्टीवर. दिवाळी झाली कीं आईबाप जातात, त्यांच्याबरोबर तीं पण जातात. जेठांत येतील परत. तोंवर शिकलेलं सगळं विसरलेलं असतं."

त्या भट्ट्या मी येतांनाच पाहिल्या होत्या. किंबहुना जन्मभर पाहत आलों आहें. भिवंडी तालुक्यांत सुगी संपली कीं रस्त्याच्या दुतर्फा धूर दिसूं लागतो. माझें स्वतःचें घर बांधलें तेव्हां याच विटांसाठीं मीं हजारामागें चार पैसे कमी करावे म्हणून तासभर घासाघीस केली होती. पण भट्टीच्या आंत पाय टाकण्याचा प्रसंग कधीं आला नव्हता. त्या दिवशीं, पिशवींतली पाटी खांद्यावर जड होत असतां, मी तेथें गेलों.

वीट पाडण्याचें काम मध्यरात्र उलटली कीं सुरू होतें. पुरुष माती तुडवितो, तीत भाताचा तूस मिसळतो. बायको साच्यांतून विटा पाडीत जाते. आठ-दहा वर्षांचें पोर त्या उलटीत सुकवितें. मजुरी हजारावर. पावसाळ्यांत, घरांत दाणा नसतांना घेतलेला बयाणा या मजुरींतून वळता होतो, आठवड्याची खर्ची त्यांतूनच जाते, आणि हंगाम संपतां संपतां हिशेब केला तर पुष्कळदां कांहीं देणें उरतेंच. तें फेडण्यासाठीं पुढल्या वर्षीं पुन्हा तीच भट्टी. असल्या उचलीचे रकाने मीं स्वतःच्या हातानें चाळीस वर्षें भरले आहेत. रकान्याच्या पलीकडे कोण उभें असतें तें मात्र त्या दिवशीं प्रथम दिसलें.

कच्च्या विटा रचून वर गवत घातलेल्या बुटक्या खोपीपुढें एक मेख ठोकलेली होती. तिला दोरी होती, आणि दोरीच्या टोंकाला, घोट्याशीं चिंधी गुंडाळून बांधलेलें, वर्षा-सवावर्षाचें एक मूल मातींत बसलें होतें. त्याच्याशेजारीं त्याची बहीण, चार-पांच वर्षांची. मीं तिला ओळखलें. समारंभाच्या दिवशीं हीच पुढें उभी राहून गाणें म्हणाली होती. ओल्या मातीच्या गोळ्या करून तिनें त्या ओळीनें मांडल्या होत्या. सर्वांत मोठी एका टोंकास, सर्वांत लहान दुसऱ्या टोंकास. कुलुपांत ठेवलेल्या माझ्या महागड्या ठोकळ्यांनीं मुलांना जें शिकवावयाचें होतें, तें ती आपलें आपण करीत होती. तिची आई हात पुसत आली. मीं विचारलें, "हिला पाड्यावर ठेवून कां आलां नाहीं?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "कोनापाशीं ठेवूं, शेठ? म्हातारीबी हतंच काम करते. आन् ह्या धाकल्याला कोन बघंल?"

मला जन्मांत कोणी शेठ म्हटलें नव्हतें. दोरी मात्र माझ्या ओळखीची होती.

त्या रात्रीं झोंप आली नाहीं. ताराबाई मोडकांचें चरित्र मीं तरुणपणीं वाचलें होतें, तें पुन्हा आठवूं लागलों. १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्या साह्यानें नूतन बालशिक्षण संघ निघाला, १९३६ साली दादरला शिशुविहार उभा राहिला. नांव झालें, मान मिळाला. कोणासही वाटावें कीं आतां आयुष्याचें सार्थक झालें. पण १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, या बाई सारें मागें ठेवून बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथें त्यांच्या साथीला होत्या. बालपणींच वैधव्य आलेली, रात्रीच्या शाळेंत शिकलेली ही बाई पुढें अखेरपर्यंत त्या कामांतच राहिली. बोर्डीस बालवाडी निघाली, पण गरिबांच्या वस्तींतलीं मुलें येईनात. तेव्हां या दोघींनीं मुलांना दोष दिला नाहीं. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणांत नेली. प्रथम आंघोळ, केंस विंचरणें, मग गाणें आणि खेळ. साहित्य म्हणाल तर शिंपले, बिया, पानें, खडे. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या वारली मुलांसाठीं शाळा कुरणांत गेली. १९७५ साली २ ऑक्टोबरला सरकारनें देशांतील ३३ प्रकल्पांत लहान मुलांसाठीं जी योजना सुरू केली, तिच्या केंद्रांचें अंगणवाडी हें नांव ताराबाईंच्या कामांत आधींच रुळलेलें होतें. योजना आज गांवोगांवीं पोंचली आहे. परंतु अंगण जागचें हलत नाहीं, आणि ही मुलें सहा महिने अंगणाबाहेर असतात.

मीं हिशेब नव्यानें मांडला. संस्थेच्या चालकांना म्हटलें, "वस्तु पुरे झाल्या. मी दरमहा एका बाईचा पगार देतों. ती भट्टीवर जाऊं द्या." ते सौजन्यानेंच म्हणाले कीं, वस्तूला देणगीदार मिळतो, पगाराला मिळत नाहीं, आणि आपण चार वर्षांनीं थांबलांत तर आम्हीं त्या बाईला काय सांगावयाचें? प्रश्न रास्त होता. तो आजही माझ्यापुढें तसाच उभा आहे. तरी त्यांनीं संमति दिली, आणि किल्लीही बाईंच्या स्वाधीन केली. पाड्यावरचीच नववीपर्यंत शिकलेली एक मुलगी या कामास तयार झाली. तिला मुलांची बोली येत होती, आणि कोणाची आजी कोणती हें ठाऊक होतें; मला तेवढें पात्रतापत्र पुरलें.

भट्टीचा मालक जागा देईल असें वाटत नव्हतें. पण तो चटकन् कबूल झाला. कारण विचारतां म्हणाला, "पोरं सुकत घातलेल्या विटा तुडवतात हो! एका जागीं बसलीं तर माझाच फायदा." ऐकून मला राग आला, मग इतिहास आठवला. १९०७ साली जानेवारींत डॉ. मॉण्टेसरींनीं रोममधील सान लोरेन्झोच्या मजूर वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, तें तेथील इमारतींच्या मालकांच्याच सोयीसाठीं. आईबाप कामास गेल्यावर मोकाट पोरें भिंती खराब करीत, तीं कोठें तरी गुंतून राहावीं, एवढाच त्यांचा मूळ हेतु. स्वार्थाच्या त्या फटींतून एवढें मोठें काम आंत शिरलें. मग आमच्या भट्टीवाल्यावरच मीं कां रागवावें? आणि याच ठाणें जिल्ह्यांत विधायक संसदेनें १९९० नंतरच्या दशकांत वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढून हें होऊं शकतें असें दाखवून दिलें होतें. मी नवें कांहींच करीत नव्हतों. एका भट्टीपुरती उणीव भरीत होतों.

चार बांबू, वर गवत, खालीं तरट. सकाळीं मूठभर उकडलेले हरभरे आणि गुळाचा खडा. चिंचोके, तूस, माती. त्या मेखेची दोरी दिवसापुरती तरी सुटली. पहिल्या हंगामाच्या शेवटीं, अकरापैकीं दहा मुलें पाड्यावर परतलीं, आणि बाई म्हणाल्या कीं यंदां पहिल्यापासून सुरुवात करावी लागली नाहीं. अकरावा मुलगा आला नाहीं. त्याच्या बापानें मध्येंच दुसऱ्या भट्टीचा बयाणा घेतला आणि तें कुटुंब कल्याणच्या पलीकडे कोठें तरी गेलें. मीं दोनदां शोध केला, सांपडला नाहीं. माझ्या जमाखर्चांत ही रक्कम कोणत्या बाजूस लिहावी हें मला अद्याप कळलेलें नाहीं.

माझें वय झालें. माझ्यामागें हा पगार कोण देणार, या विचारानें मी आतां दरमहा पैसे पाठवून स्वस्थ बसत नाहीं. नांवांची यादी घेऊन कचेरींत जातों. मूल जेथें असेल तेथल्या अंगणवाडीच्या पटावर त्याचें नांव चढावें आणि त्याचा आहार त्याला तेथें मिळावा, एवढेंच मागणें. तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेस, गेल्या माघांत, तेथल्या एका बाईंनीं सातजणांचीं नांवें लिहून घेतलीं. उरलेल्यांसाठीं पुन्हा जावयाचें आहे. दान हें मीं केलेलें सर्वांत सोपें काम होतें; हें मागणें त्याहून जड जातें, कारण येथें हार कोणी घालीत नाहीं आणि बसावयास खुर्चीही क्वचित् मिळते. परंतु सातजणांना जें मिळूं लागलें आहे तें माझ्या मरणानें थांबणार नाहीं.

राहतां राहिली पाटी. ती त्या दिवशीं मीं पिशवींतून बाहेर काढलीच नाहीं. भट्टीवरच्या बालवाडीला भिंत नाहीं, आणि ज्येष्ठांत पहिला पाऊस आला कीं छप्परही उतरून ठेवावें लागतें. पाड्यावरच्या भिंतींतलीं भोंकें बाईंनीं मातीनें बुजवून टाकलीं. पत्नी असती तर पाटी पाहून ती प्रथम किंमत विचारती, आणि मग तेवढ्यांत किती हरभरे आले असते तें मला सांगती. म्हणून ती येथेंच, कपाटावर, राहूं दिली आहे. यापुढें कोणी विचारलें तर विषय बदलणार नाहीं. मासिकाचा हा अंक त्याच्या हातीं ठेवीन, आणि कचेरीची पुढली खेप केव्हां आहे तेंही सांगेन.