मुस्तफा आणि अकरा रुपये

वाचकहो, कौटुंबिक पानावर व्हिडिओ गेमचा विषय पाहून काही ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतील. परंतु आज चाळिशी ओलांडलेले आमच्या वयाचे कितीतरी बांधव हे नाव वाचताच मनातल्या मनात हसतील, याची मला खात्री आहे. मुस्तफा!

त्या खेळाचे खरे नाव मुस्तफा नव्हते. ते होते ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. मार्क शुल्झ नावाच्या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या चित्रकथांवर तो बेतलेला होता. माणसाने पृथ्वीची नासाडी केली, मग तो शेकडो वर्षे जमिनीखाली लपून राहिला आणि बाहेर येऊन पाहतो तर वर डायनासोर फिरत आहेत, अशी ती कथा. डायनासोरांची चोरटी शिकार करणारे गुंड आणि त्यांना अडवणारे चौघे : जॅक, हॅना, मुस्तफा आणि आडदांड मेस. पडदा डावीकडून उजवीकडे सरकायचा, गुंड झुंडीने यायचे आणि आपण ठोसे, लाथा मारीत पुढे जायचे. असे आठ टप्पे. पण यातले एक अक्षरही तेव्हा आम्हांला ठाऊक नव्हते. इंग्रजी नाव वाचायची कोणी तसदी घेतली नाही. चौघांत मुस्तफा सर्वांत चपळ, त्याची उडती लाथ भारी, म्हणून सगळा खेळच त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आणि हे काही आमच्या मालवणपुरतेच नव्हे. पुढे नोकरीनिमित्त जिथे जिथे गेलो, तिथला माझ्या वयाचा माणूस त्याला मुस्तफाच म्हणताना आढळला.

आमच्याकडे तो १९९५ च्या सुमारास आला. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला आणि मीही त्याच सालचा, तेव्हा जिल्ह्याचे आणि माझे वय एकच. म्हणजे मी नववीत होतो. बाजारपेठेतल्या एका गाळ्यात तीन यंत्रे ठेवलेली. दाराला मळका पडदा, आत काळोख आणि घामाचा वास. एक रुपयाला एक कॉइन. पावसाळ्यात ऐन रंगात लाईट जायची आणि कॉइन बुडायचा. शेठ म्हणायचा, “लाईट माझ्या बापाशीची नाय.” कॉइनला दोरा बांधून तो परत ओढून काढण्याचे उद्योगही पुष्कळांनी केले. मला ते कधी जमले नाही.

एका यंत्रावर तिघांना खेळता येई. माझ्या एका बाजूला गाबीत समाजातला वर्गमित्र, दुसऱ्या बाजूला बाजारातल्या एका मुसलमान दुकानदाराचा मुलगा. जागेवर पोहोचण्याआधीच ओरड सुरू, “माका मुस्तफा होयो!” डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतल्या दंगलींनंतर आमच्या वाडीतले कितीतरी चाकरमानी बायकामुलांना घेऊन गावी आले होते. मोठी माणसे रात्री ओट्यावर कुजबुजत, ते आम्ही ऐकलेले. आणि दोन वर्षांनी त्याच कोकणातली सगळ्या जातींची पोरे मुस्तफा व्हायला मिळावे म्हणून भांडत होती. या गोष्टीकडे तेव्हा कोणाचे लक्ष गेले नाही. माझेही नाही.

त्याच काळात गावातल्या काही घरी आम्हांला पाणी वरून ओतून मिळत असे. यंत्राचा दांडा मात्र सगळ्यांच्या घामाने सारखाच चिकट. खेळात पिंपे फोडली की खायचे पदार्थ निघत, ते खाल्ले की ताकद वाढे. ते कोणी खायचे, याचा आमच्यात एक अलिखित नियम होता. ज्याची ताकद कमी उरली असेल त्याने. गाबिताचा मुलगा ओरडायचा, “तू खा रे, तू खा, मरतलंस!” हा नियम यंत्रात नव्हता, पोरांनीच केला होता. यावरून सगळा भेदभाव मिटला असे मी म्हणणार नाही. पडद्याबाहेर आल्यावर तो त्याच्या घरी जाई, मी माझ्या वाडीत. त्याच्या घरी मी पहिल्यांदा जेवलो तो पुढे त्याच्या लग्नात.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

माझे वडील, कालकथित, मुंबईत गिरणी कामगार होते. १९८२ च्या संपानंतर ते गावी परतले ते कायमचेच. आई काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जाई. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिची बोटे काळी पडून सोलत असत. किलोवर मजुरी. अशा घरात रुपया मागायची सोय नव्हती आणि मी मागितलाही नाही.

१९९६ साली जयंतीच्या वर्गणीसाठी मंडळाने माझ्याकडे पावतीपुस्तक दिले. अक्षर चांगले म्हणून. चार दिवस मी घरोघर फिरलो. बाजाराच्या बाजूची घरे करून परतताना वाटेत तो मळका पडदा लागायचा. पहिल्या दिवशी एक कॉइन घेतला, उद्या भरू म्हणून. दुसऱ्या दिवशी तीन. चौथ्या दिवशी आम्ही तिघे कॅडिलॅक गाडी चालवायचा टप्पा पार करून कधी नव्हे इतके पुढे गेलो होतो, आणि हातातला खेळ सोडवेना. एकूण अकरा रुपये गेले. त्यात एका विधवा आजीने लुगड्याच्या गाठीतून सोडून दिलेले दोन रुपये होते. तिची पावती मीच फाडली होती.

त्या संध्याकाळी विहारात वंदना होती. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी माझा आवाज बसला. शेजारच्याला वाटले, पोराला सर्दी झाली.

खजिनदार काका टपालखात्यातून निवृत्त झालेले, हिशेबाला कडक. त्यांनी पैसे दोनदा मोजले. मग चष्मा काढून म्हणाले, “झिला, अकरा रुपये कमी येतत.” मी मान खाली घातली. ते पुढे काहीच बोलले नाहीत. आपल्या सदऱ्याच्या खिशातून अकरा रुपये काढून त्यांनी पेटीत टाकले आणि वही माझ्यापुढे सरकवली. “ह्या वर्षाचो हिशेब तू लिही.” त्यांनी आईला सांगितले असते तर बरे झाले असते, असे मला कित्येक दिवस वाटत राहिले. आईने मारले असते आणि गोष्ट संपली असती. पुढे बी.कॉम. झालो, कारकून म्हणून लागलो, पहिल्या पगारातून काकांना अकरा रुपये द्यायला गेलो. ते म्हणाले, “कसले?” खरेच विसरले होते की सोंग, ते आजवर कळले नाही. आता तेही कालकथित. वही अजून माझ्याकडेच आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या वाडीतल्या एका तरुणाने मोबाईलवरच्या रमीत दोन महिन्यांचा पगार घालवला, वर कर्ज काढले. त्याच्या घरच्यांसोबत आम्ही कार्यकर्ते दोन रात्री बसलो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो थोडा आधी झाला असता तर! त्या मुलाला सगळे बोलले. मी फारसे बोललो नाही. माझा खिसा रिकामा झाला की शेठ बाहेर काढायचा, एवढाच काय तो फरक. याला बाहेर काढणारा कोणी नव्हता.

माझा मुलगा आज नववीत आहे. जुनी यंत्रे संगणकावर आणि मोबाईलवर चालवून दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, त्यात मुस्तफाही. मागच्या रविवारी त्याने मला बसवले. तीस वर्षांनी कळले की त्यात डायनासोर हे शत्रू नव्हतेच. गुंड त्यांना डिवचतात म्हणून ते बिथरतात. आम्ही मात्र दिसेल त्याला लाथ घालीत असू. दुसऱ्या टप्प्यातल्या दोन सुरे घेतलेल्या कसायाने मला पाच मिनिटांत संपवले. पडद्यावर आकडे उलटे मोजू लागले. मुलगा म्हणाला, “बाबा, कॉइनचे बटण दाबा ना, कितीही वेळा दाबता येते.”

त्याने स्वतःच ते बटण भराभर दाबले. मी मोजत होतो. अकरावर गेल्यावर म्हटले, “पुरे.”