पाटी आणि वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आतेभावाच्या गाळ्यावर जायचे, हा माझा अनेक वर्षांचा रिवाज आहे. गाळा मार्केट यार्डात, फळांच्या विभागात. एरवी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पहाटेपासून गाड्या लागलेल्या, क्रेटच्या चवडी रचलेल्या, 'सरका, सरका' म्हणत पाठीवर ओझे घेऊन धावणारे हमाल, आणि त्या गलक्यात भाव पुकारणारा दादाचा आवाज. त्या संध्याकाळी मात्र फरशी धुतलेली असते, दाराला झेंडूचे तोरण असते, आणि चौरंगावरच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर दादा कुंकवाने 'श्री' रेखतो. सगळा हिशेब आता संगणकावर होतो. तरी वही येतेच.

गेल्या दिवाळीला वहिनीने वहीला हळदकुंकू वाहिले, वजनकाट्याला वाहिले, आणि भिंतीवरच्या एका लहानशा डबीसमोर ती थबकली. "यालाही वाहू का, भावजी?" मी मान हलवली, पण मनातून ओशाळलो. त्या डबीची आणि माझी एक गोष्ट आहे. ती आज सांगून टाकावी म्हणतो.

डबीत एक संगणक आहे. रास्पबेरी पाय त्याचे नाव. २०१२ साली इंग्लंडात तो प्रथम विक्रीला आला. पत्त्यांच्या जोडाएवढा त्याचा पसारा. गाळ्यामागे दादाची लहानशी थंड खोली आहे. तिचे तापमान दर मिनिटाला मोजून लिहून ठेवायचे, एवढीच त्याची नोकरी. ती मीच त्याला लावून दिली. जन्मभर बँकेत दुसऱ्यांच्या खतावण्या तपासल्या. निवृत्तीनंतर हा नाद लागला.

संगणकाच्या अशा नोंदींना 'लॉग' म्हणतात. शब्द मूळचा दर्यावर्दी. जहाजाचा वेग मोजायला दोरी बांधलेले लाकूड पाण्यात सोडीत आणि आलेला आकडा वहीत लिहीत. लाकडाचे नाव पुढे वहीला चिकटले. संगणकाच्या जगात या नोंदींना शिस्त लावणारी 'सिसलॉग' ही पद्धत एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली इथे, टपाल पोचवणाऱ्या एका प्रोग्रॅमसाठी रचली. तिच्यात प्रत्येक नोंदीला शून्य ते सात असा एक दर्जा मिळतो. शून्य म्हणजे घर पेटले. सात म्हणजे नुसती कुजबुज.

माझे यंत्र मात्र दिवसरात्र कुजबुजत असे, आणि ती सारी कुजबुज नखाएवढ्या मेमरी कार्डावर उतरत असे. अशा कार्डाचा प्रत्येक कण ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतो. वर्षाच्या आत पहिले कार्ड गेले. काटकसरी माणूस मी, उपाय शोधला. नोंदी कुठे ठेवायच्या हे सांगणारी एक ओळ यंत्राच्या मांडणीत असते. तिथे 'पर्सिस्टंट' लिहिले तर नोंद कार्डावर जाते. 'व्होलाटाइल' लिहिले तर यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणातच राहते. पहिली वही, दुसरी पाटी. पाटीला झीज नाही. फक्त वीज गेली की ती कोरी होते. मी पाटी निवडली आणि नवे कार्ड वाचवल्याच्या आनंदात दादाकडून चहा घेतला.

पुढे उन्हाळ्यात एका शुक्रवारी रात्री अकराच्या सुमारास पुरंदरकडून अंजिरांचा टेम्पो आला. शनिवारी फळबाजाराला सुट्टी, म्हणून माल रविवारपर्यंत थंड खोलीत ठेवायचा होता. रात्रीच्या रखवालदाराने, आम्ही सारे त्यांना मामा म्हणतो, क्रेट आत लावले आणि दार ओढून घेतले. रविवारी पहाटे दादाने दार उघडले तेव्हा खोली गार होती, पण अंजिरे आंबली होती. अंजीर म्हणजे लेकीसारखे नाजूक फळ. थोडी हयगय सोसत नाही.

शेतकऱ्याची पट्टी तर द्यायलाच हवी होती. दादाचा राग मामांवर गेला. "दार नीट लावलं नाही तुम्ही!"

"लावलं, शेठ. दोनदा ओढून बघितलं."

"यंत्राला विचारू," दादा म्हणाला आणि मला बोलावणे आले.

मी नोंदी उघडल्या. पहिलीच नोंद शुक्रवारी रात्री ११.१७ ची: तापमान २७ अंश. पुढे ते हळूहळू उतरत गेले होते. म्हणजे टेम्पो आल्यावर दार बराच वेळ उघडे राहिले आणि मग कोणाच्या तरी ध्यानात आले! पुढे नोंदींत एक मोठा खळगा होता. एकदम शनिवारची दुपार येत होती. तो मला दिसला होता. पण हवे ते सापडले की माणूस पुढे नीट वाचत नाही. मी दादाला आकडा वाचून दाखवला.

मामा काही बोलले नाहीत. किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मशीन बोललं म्हटल्यावर आमचं कोण ऐकणार, साहेब?" त्याच दिवशी ते गावी गेले.

गुरुवारी शेजारच्या गाळ्याचा रखवालदार रजेवरून परत आला. त्याला एक शंभरपानी वही ठेवायची सवय. तिच्यात पेन्सिलीने लिहिले होते: शुक्रवार, रात्री ११.२० ला पंखा बंद. शनिवार, दुपारी ३.०५ ला चालू. आमच्या ओळीतला विजेचा एक फेज गेला होता. रस्त्यावरचा दिवा दुसऱ्या फेजवर, म्हणून बाहेर बसलेल्या मामांना पत्ता लागला नाही. आणि शनिवारी बाजार बंद, म्हणून कोणालाच लागला नाही.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. माझ्या या यंत्रात सेलवर चालणारे घड्याळ नाही. वेळ ते इंटरनेटवरून विचारून घेते. वीज गेली तर तासातासाला टिपून ठेवलेली शेवटची वेळ धरून उठते आणि खरी वेळ कळेपर्यंत तीच पुढे ढकलत राहते. शनिवारी दुपारी वीज आली, इंटरनेट यायला अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात यंत्राने शनिवारच्या दुपारची उष्णता शुक्रवारच्या रात्रीच्या नावावर मांडली. त्याआधीची खरी नोंद पाटीबरोबर पुसली गेली होती. यंत्र खोटे बोलले नव्हते. पाटी मी दिली होती आणि घड्याळ मीच दिले नव्हते. बँकेत एखाद्या कारकुनाने चुकीच्या तारखेला रक्कम मांडली असती तर मी त्याला घरी जाऊ दिले नसते.

दादा आणि मी मामांच्या गावी गेलो. मी सारे समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी एवढेच म्हणाले, "लाईट गेली होती का, एवढं तुम्ही मला त्या दिवशी विचारायला पाहिजे होतं." त्याला उत्तर नव्हते. दादाने हात जोडले. आठ दिवसांनी मामा कामावर आले.

त्यानंतर मी यंत्राची मांडणी नव्याने केली. नाण्याएवढ्या सेलवर चालणारे घड्याळ बसवले. नोंदी पुन्हा वहीत जाऊ लागल्या, पण वहीला ५० एमबीची मर्यादा घातली. ती भरली की सर्वांत जुनी पाने आपोआप गळतात. तापमान दर मिनिटाऐवजी पंधरा मिनिटांनी लिहायचे ठरवले. दाराला चुंबकी कळ लावली. दार उघडे राहिले किंवा खोली तापली तर त्या नोंदीला दर्जा दोन, म्हणजे 'क्रिटिकल'. साधी नोंद कार्डावर पक्की व्हायला पाच मिनिटे लागू शकतात. दोन, एक आणि शून्य या दर्जांची नोंद तत्काळ पक्की होते. शिवाय प्रत्येक नोंदीची एक प्रत माझ्या घरच्या संगणकाकडे जाते. आणि यंत्र नव्याने उठले की तेही टिपले जाते, कारण कधी उठलो हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या साक्षीला अर्थ नाही.

हे सारे करायला एक दुपार लागली. ती मी आधी खर्च केली असती तर एका म्हाताऱ्या माणसाला चोरासारखे गावी जावे लागले नसते. सगळेच लक्षात ठेवणे यंत्रालाही झेपत नाही. काही विसरावेच लागते. पण काय विसरायचे हे आपली सोय बघून ठरवले की भरपाई भलत्याच माणसाला करावी लागते.

वहिनीने डबीला हळदकुंकू वाहिले. डबीशेजारी खिळ्याला दोरीने एक शंभरपानी वही अडकवलेली आहे. कामावर परतताना मामांनी ती स्वतःच विकत आणली. वहिनीने तिलाही बोट लावले. तेवढ्यात दाराशी लावलेल्या माळेचे दिवे क्षणभर मालवले आणि पुन्हा लागले. पेढा हातात तसाच ठेवून मामांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले, कानावरची पेन्सिल काढली आणि वही उघडली.