चोल्मोंडेली

गेल्या पावसाळ्यांत बी. ए. च्या वर्गांत मीं एका विद्यार्थ्याला इंग्रजी कादंबरीकारांची यादी मोठ्यानें वाचावयास सांगितली. १८९९ सालीं 'रेड पॉटेज' लिहिणाऱ्या लेखिकेपर्यंत तो आला. 'मेरी' त्यानें सहज म्हटलें. पुढचें आडनांव मात्र अक्षरामागून अक्षर चाचपडत वाचलें : 'चोल्मोंडेली'. मला हंसूं आवरलें नाहीं. "अरे, चम्ली म्हणायचं, चम्ली!" मी म्हणालों. प्रोफेसरच हंसल्यावर वर्ग कशाला मागें राहतो? मुलगा मुकाट्यानें खालीं बसला.

घरीं आलों तरी मन स्वस्थ होईना. शेवटीं आडनांवांचा कोश उघडला. इंग्लंडच्या वायव्येस चेशायर परगण्यांत या नांवाचें एक लहानसें गांव आहे. जुन्या इंग्रजींत 'चेओल्मुंड' हें पुरुषाचें नांव. त्यांतील पहिल्या पदाचा अर्थ जहाज, दुसऱ्याचा रक्षण. 'लेआ' म्हणजे रानांतली मोकळी जागा. चेओल्मुंडाची रानांतली मोकळी जागा, एवढाच त्या भारदस्त नांवाचा अर्थ! १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या राजाच्या नोंदवहींत तें 'काल्मुंडेलेइ' असें लिहिलेलें आहे. आपल्याकडे गांवाला 'कर' जोडून आडनांव होतें, तसें तेथील जमीनदार घराण्यानें गांवाचेंच नांव धारण केलें. आघात पहिल्या अक्षरावर. म्हणून पुढचीं अक्षरें शतकानुशतकें जिभेवर झिजत गेलीं, कागदावर मात्र तशींच राहिलीं.

म्हणजे ज्या उच्चाराला मी हंसलों, तो त्या गांवाच्या मूळ नांवाशीं माझ्या उच्चारापेक्षां अधिक जवळचा होता! 'चम्ली' हें वाचून कळत नाहीं. कोणी तरी सांगावें लागतें. मलाही माझ्या गुरुजींनींच सांगितलें होतें, आणि सांगतांना ते हंसले नव्हते.

दुसऱ्या दिवशीं हें सारें मीं वर्गांत सांगितलें व चूक माझी होती असेंही म्हटलें. मग यादी पुन्हा त्याच्यापुढें धरली. "आज नको, सर," तो नम्रपणें म्हणाला.

तेव्हांपासून असें एखादें नांव आलें कीं तें मी आधीं फळ्यावर लिहितों आणि स्वतः उच्चारून दाखवितों. तो मुलगा अद्याप वर्गांत मोठ्यानें वाचीत नाहीं. मीही त्याला आग्रह करीत नाहीं. वाट पाहत आहें.